निर्वात पोकळीचा ध्यास घेतलेला महापौर

गोरेगाव : मे महिना उजाडला की गोरेगावात एसी बसवणाऱ्या कारागिरांना उसंत मिळत नाही. पश्चिमेला एस. व्ही. रोडवरून आणि पूर्वेला आरे रस्त्याच्या बाजूने खोकी भरलेले टेम्पो धावत असतात, तर नव्या टॉवरच्या पंधराव्या मजल्यावर कमरेला दोर बांधलेला एखादा तरुण आउटडोअर युनिट ब्रॅकेटवर चढवताना दिसतो. या कामाचा एक टप्पा मात्र असा आहे की, त्यात काही घडते आहे असे पाहणाऱ्याला वाटतच नाही. तांब्याचे पाइप जोडून झालेले असतात, नट आवळलेले असतात आणि कोपऱ्यात ठेवलेला छोटा पंप नुसता घुमत असतो. अर्धा तास, कधी त्याहून अधिक. घरमालक घड्याळाकडे पाहतो, पुढच्या ग्राहकाचा फोन वाजत असतो आणि अनेकदा पंप वेळेआधीच बंद होतो. काही वेळा तर तो पिशवीतून बाहेरच निघत नाही. थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा बाहेर ढकलली की झाले, अशी पळवाट काढली जाते.

ज्या माणसाने असा पंप प्रथम घडवला, त्याच्या आयुष्यातील कित्येक वर्षे नेमक्या याच टप्प्यावर खर्च झाली होती. भांड्यातील हवा काढणे आणि काढलेली हवा परत आत शिरू न देणे, हा त्याचा ध्यास होता. जर्मनीतील माग्डेबुर्ग शहराचे महापौर ओटो फॉन गेरिके हे त्यांचे नाव. तांब्याचा गोल ओढणारे सोळा घोडे विज्ञानाच्या पुस्तकांत अनेकांनी पाहिलेले असतात. त्या घोड्यांमागचा माणूस तितकासा परिचित नाही. २१ मे हा त्यांचा स्मृतिदिन होय.

गेरिके यांचा जन्म नोव्हेंबर १६०२ मध्ये माग्डेबुर्गमधील एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. नगराच्या कारभारात अशा घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्या वाटा असे, त्यामुळे मुलाने कायदा शिकून पुढे नगरसभेत बसावे, हे जणू ठरलेलेच होते. लाइप्झिग, हेल्मश्टेट आणि येना येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. पुढे हॉलंडमधील लायडन येथे कायद्याबरोबरच गणित आणि तटबंदीचे शास्त्रही त्यांनी अभ्यासले. हे दुसरे शिक्षणच त्यांना आयुष्यभर पुरले. १६२६ मध्ये मार्गारेथे आलेमान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास ते नगरसभेवर गेले आणि बांधकामाची व संरक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

काळ मात्र अत्यंत वाईट होता. १६१८ मध्ये पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धात जर्मन भूमी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट फौजांच्या टाचांखाली भरडून निघत होती. माग्डेबुर्ग हे प्रोटेस्टंटांचे मोठे, श्रीमंत आणि हट्टी शहर. महिनोन् महिने वेढा पडल्यानंतर २० मे १६३१ रोजी सम्राटाच्या फौजा तट ओलांडून आत घुसल्या. लूट, कत्तल आणि आग यांत सुमारे वीस हजार माणसे मेली आणि एका दिवसात शहराची राख झाली. युरोपच्या इतिहासात या दिवसाचे नाव आजही शहारे आणणारे आहे. गेरिके कुटुंबासह वाचले, पण कैदी म्हणून. आनहाल्टच्या राजपुत्राच्या मदतीने तीनशे थालेर खंडणी भरून त्यांची सुटका झाली, तेव्हा त्यांच्यापाशी काहीही उरले नव्हते. काही काळ त्यांनी एर्फुर्ट येथे स्वीडिश सैन्याकडे अभियंता म्हणून नोकरी केली.

१६३२ मध्ये ते परतले, ते जळक्या भिंतींच्या शहरात. त्यांनी उद्ध्वस्त माग्डेबुर्गचा नकाशा तयार केला आणि पुनर्बांधणीच्या कामाला हात घातला. पुढील दशकांत नगराची बाजू मांडण्यासाठी ते दरबारोदरबारी फिरत राहिले. घरातही सुख फारसे नव्हते. तीन अपत्यांपैकी हान्स ओटो हा एकच मुलगा जगला आणि १६४५ मध्ये पत्नीचेही निधन झाले. पुढच्याच वर्षी, १६४६ मध्ये, ते शहराच्या चार महापौरांपैकी एक झाले. पोकळीचा शोध घेणारा हा माणूस निवांत विद्वान नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे. तहाच्या वाटाघाटी, कर आणि कर्जे यांतून उरलेल्या वेळात त्याचे प्रयोग चालत.

बिअरच्या पिंपापासून तांब्याच्या गोलापर्यंत

त्या काळी विद्वानांचे मत असे होते की, निसर्गात रिकामी जागा असूच शकत नाही. अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेले हे मत देकार्तसारख्या नव्या विचारवंतानेही आपल्या पद्धतीने उचलून धरले होते. गेरिके कोपर्निकसच्या पक्षाचे. ग्रह सूर्याभोवती अखंड फिरतात, तर त्यांच्या वाटेत काय आहे, हा प्रश्न त्यांना पडला. तेथे हवा असती तर ग्रहांची गती केव्हाच मंदावली असती. म्हणजे तेथे पोकळी असली पाहिजे, आणि पोकळी असू शकते की नाही हे वादाने ठरण्यासारखे नव्हते. ती करून पाहणे हाच मार्ग होता.

त्यांनी बिअरचे एक मजबूत लाकडी पिंप घेतले, ते पाण्याने काठोकाठ भरले, सर्व फटी बंद केल्या आणि आग विझवण्याच्या पितळी पिचकारीसारखा पंप तळाशी जोडून पाणी उपसण्यास सुरुवात केली. हिशेब सरळ होता. पाणी बाहेर गेले आणि हवेला आत येऊ दिले नाही, तर मागे उरेल ती पोकळी. तीन धट्टेकट्टे गडी पंपाचा दट्ट्या ओढू लागले आणि पिंपातून पाणी उकळत असल्यासारखा आवाज येऊ लागला. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा आत घुसत होती. मग त्यांनी लहान पिंप मोठ्या पिंपात ठेवून दोहोंच्या मध्ये पाणी भरले. आता पक्ष्याच्या किलबिलीसारखा बारीक आवाज येऊ लागला आणि तो तीन दिवस टिकला. पिंप उघडले तर आत हवाही होती आणि पाणीही.

लाकूड सोडून त्यांनी तांब्याचा गोल घेतला आणि पाण्याचा मध्यस्थ बाजूला ठेवून हवाच उपसायची ठरवली. दोघे जण दट्ट्या ओढत होते. बरीचशी हवा निघाली असे वाटत असतानाच मोठा स्फोटासारखा आवाज झाला आणि तांब्याचा तो गोल मुठीत चुरगाळलेल्या फडक्यासारखा आत चेपला गेला. गेरिके यांनी त्याचा दोष घडणाऱ्या कारागिराला दिला. गोल पुरेसा गोल नव्हता, म्हणून दाब एका जागी अधिक पडला. कारण बरोबर होते. अधिक काळजीपूर्वक घडवलेला दुसरा गोल टिकला. तोटी उघडताच हवा अशा जोराने आत घुसली की, जवळ उभ्या असलेल्याचा श्वास ओढला जावा. पोकळी निर्माण झाली होती. पण चार दिवस गेले की ती नाहीशी होई, कारण दट्ट्याच्या आणि झडपांच्या सांध्यांतून हवा झिरपत राही. तेव्हा त्यांनी पंपाचे सांधे पाण्याखाली ठेवण्याची युक्ती काढली. पाण्याचा तो थर हवेची वाट अडवत असे.

सायकलच्या दुकानात पंक्चर शोधण्यासाठी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतात किंवा एसीचा कारागीर सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतो, ते याच जातकुळीचे काम. एसी बसवताना गळतीची परीक्षा दोनदा होते. प्रथम पाइपमध्ये कोरडा नायट्रोजन वायू उत्पादकाने सांगितलेल्या दाबापर्यंत भरतात आणि गेजचा काटा स्थिर राहतो की नाही ते पाहतात. येथे नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नये, कारण दाबाखालील ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. ही परीक्षा आतून बाहेर होणाऱ्या गळतीची. त्यानंतर नायट्रोजन सोडून देऊन व्हॅक्यूम पंप लावतात, आणि ही परीक्षा उलट दिशेची, गेरिके यांची. पंप बंद करून व्हॉल्व्ह मिटायचा आणि पोकळी टिकते का, हे पाहत थांबायचे.

पंपाची एक मर्यादा गेरिके यांना त्यांच्या हातांनीच शिकवली असणार. दट्ट्याची प्रत्येक खेप भांड्यातील हवेचा ठरावीक अंशच बाहेर काढते. समजा, पंपाचे नळकांडे भांड्याच्या एक चतुर्थांश आकाराचे आहे. पहिल्या खेपेनंतर चार पंचमांश हवा उरते, दुसऱ्या खेपेनंतर त्या उरलेल्याचे चार पंचमांश, आणि दहा खेपा झाल्या तरी मूळ हवेचा दहावा हिस्सा आतच असतो. शेवटची हवा सर्वांत चिवट. म्हणूनच एसीवरचा पंप पाच मिनिटांत बंद करून चालत नाही. साध्या गेजचा काटा पाच मिनिटांतच तळाला टेकतो हे खरे, पण तो काटा येथे फसवा ठरतो. वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन मानला, तर पाइपमधील दाब साधारण ५०० मायक्रॉनच्या खाली जावा, अशी अपेक्षा असते. ५,००० आणि ५०० यांतील फरक काट्याच्या गेजवर दिसतच नाही. त्यासाठी वेगळा डिजिटल मायक्रॉन गेज लागतो आणि तो बाळगणारे कारागीर अजूनही थोडेच आहेत.

सम्राटासमोर आणि घोड्यांसह

१६५४ मध्ये रेगेन्सबुर्ग येथे साम्राज्याची सभा भरली होती. गेरिके तेथे गेले होते ते माग्डेबुर्गच्या हक्कांसाठी, पण त्यांच्या सामानात पंपही होता. सम्राट तिसरा फर्डिनांड आणि जमलेल्या राजेरजवाड्यांसमोर त्यांनी प्रयोग करून दाखवले. ज्या सम्राटाच्या घराण्याच्या फौजांनी आपले शहर जाळले, त्याच दरबाराला त्यांना रिझवावे लागले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांना फारशी टोचलेली दिसत नाही. टोचायला हवी होती. माइन्झच्या आर्चबिशपला ती उपकरणे इतकी आवडली की, त्यांनी ती विकतच घेतली. याच मुक्कामात वालेरिआनो माग्नी या कपुचिन साधूकडून गेरिके यांना कळले की, इटलीत टोरिचेल्ली यांनी पाऱ्याच्या नळीत पोकळी दाखवली, त्याला दहा वर्षे होऊन गेली आहेत. म्हणजे तोवर ते एकटेच, दुसऱ्याच वाटेने, त्याच ठिकाणी पोहोचले होते.

घोड्यांचा प्रसिद्ध प्रयोग त्यानंतरचा, १६५७ मधील माग्डेबुर्गचा. सुमारे अर्धा मीटर व्यासाचे तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावले होते. मध्ये कातड्याचे कडे होते, तेही मेण आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले, कारण गळतीचा धडा आता पक्का झाला होता. आतील हवा काढल्यावर दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले गेले आणि घोड्यांना ते अर्धगोल वेगळे करणे जड गेले. तोटी उघडून हवा आत सोडली की तेच अर्धगोल हाताने सुटत. बाहेरील हवेचा दाब त्या गोलांवर सुमारे दोन टन भरतो. खरे तर आठ घोडे एका बाजूला आणि दुसरी बाजू भिंतीतील कडीला बांधली असती, तरी ताण तेवढाच पडला असता. दुसरे आठ घोडे भिंतीचेच काम करत होते. पण सोळा घोड्यांनी जे नाव केले, ते आठांनी आणि भिंतीने केले नसते, आणि महापौरांना लोकांची नस ठाऊक होती. शिवाजी महाराज त्या सुमारास जावळी जिंकून कोकणात उतरत होते आणि गोरेगाव ज्या साष्टी बेटावर वसले आहे, ते पोर्तुगिजांच्या अमलाखाली होते.

दिखाऊ प्रयोगांखेरीज शांतपणे केलेले कामही पुष्कळ आहे. पोकळीत घंटा वाजवली तर ऐकू येत नाही, मेणबत्ती विझते, द्राक्षे महिनोन् महिने टिकतात, हे त्यांनी पाहिले. हवा भरलेले आणि हवा काढलेले भांडे तोलून त्यांनी हवेलाही वजन असते, हे दाखवले. दहा फूट बाय बारा फुटांच्या नेहमीच्या खोलीतील हवा सुमारे पस्तीस किलो भरते, हे आज सांगितले तरी अनेकांना खरे वाटत नाही. घराच्या भिंतीवर उभारलेल्या पाण्याच्या उंच नळीत त्यांनी एक लाकडी बाहुला तरंगत ठेवला होता. हवेचा दाब बदलला की तो वर-खाली होई. १६६० मध्ये बाहुला एकाएकी फार खाली गेला, तेव्हा त्यांनी वादळ येणार असे सांगितले आणि ते आले. गंधकाचा गोळा घासून त्यांनी विद्युत आकर्षणाचे प्रयोगही केले, पण तो विषय वेगळा.

एक निरीक्षण मात्र मुंबईकरांच्या थेट कामाचे आहे. दमट हवा असलेल्या भांड्यातील हवा त्यांनी रिकाम्या केलेल्या भांड्यात सोडली, तेव्हा आत एकदम धुके दाटले. हवा पसरताना थंड झाली आणि तिच्यात लपलेले पाणी दिसू लागले. एसीच्या पाइपमध्ये राहून गेलेल्या हवेतही असेच पाणी लपलेले असते, आणि गोरेगावच्या पावसाळ्यात ते किती असेल, हे भिंतींवरील बुरशी पाहून कळते. हे पाणी आतच राहिले तर ते बारीक कॅपिलरी नळीच्या तोंडाशी गोठून गॅसची वाट अडवते. आजच्या यंत्रांतील कृत्रिम तेल पाणी शोषून घेते, हळूहळू त्याचे आम्ल बनते आणि ते कॉम्प्रेसरच्या तारांवरील वेष्टण खाते. बसवल्यानंतर दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसर गेला की दोष कंपनीला किंवा विजेच्या कमी-अधिक दाबाला दिला जातो. पहिल्या दिवशी न लावलेल्या पंपाची आठवण कोणाला राहत नाही.

पंप लावल्यावर हे पाणी बाहेर पडते, त्याचे कारणही पोकळीतच आहे. दाब उतरला की पाणी कमी तापमानाला उकळते. तीस अंश सेल्सिअसला ते सुमारे ३२,००० मायक्रॉन दाबाला उकळू लागते आणि वाफ होऊन पंपावाटे निघून जाते. वाफ व्हायला वेळ लागतो, म्हणून पंप बराच वेळ चालवावा लागतो. व्हॉल्व्ह मिटल्यानंतर मायक्रॉनचा आकडा वाढून एका जागी थांबला, तर आत अजून ओल आहे, असे अनुभवी कारागीर ओळखतो. थांबतच नसेल, तर कुठे तरी गळती आहे आणि नट पुन्हा तपासावे लागतात. थोडा गॅस सोडून हवा ढकलण्याच्या पळवाटेने यांपैकी काहीच कळत नाही. शिवाय आजच्या अनेक एसींत असलेला आर-३२ हा वायू काही प्रमाणात ज्वलनशील असल्याने बंद गॅलरीत तो सोडणे धोक्याचे आहे.

गेरिके यांचे प्रयोग जगाला प्रथम कळले, ते गास्पार शॉट या जेझुइट पंडिताने १६५७ मध्ये छापलेल्या ग्रंथातून. तो वृत्तान्त इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल यांच्या वाचनात आला. त्यांनी रॉबर्ट हुक यांच्या मदतीने सुधारलेला पंप करवून घेतला आणि दाब व आकारमान यांचा प्रसिद्ध नियम मांडला. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास विल्यम कलेन या स्कॉटिश प्राध्यापकांनी अशाच पंपाखाली ईथर ठेवले, तेव्हा ते झपाट्याने उडून गेले आणि भोवतालचे पाणी गोठले. द्रवाची वाफ करून थंडावा मिळवण्याची ही रीत प्रत्येक फ्रिज आणि एसीच्या पोटात आहे. जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये तीच वाफ दाबून पुन्हा द्रव करणाऱ्या बंद चक्राचे पेटंट घेतले. एसी बसवताना लागणारा पंप आणि खुद्द एसी ही दोन्ही अशी एकाच मुळाला फुटलेली आहेत.

१६६६ हे वर्ष गेरिके यांना दोन अंगांनी आले. सम्राट लिओपोल्ड यांनी त्यांना सरदारकी दिली. नावातील फॉन तेव्हापासूनचे. त्याच वर्षी माग्डेबुर्गला ब्रांडेनबुर्गच्या सत्तेपुढे मान तुकवून त्यांची शिबंदी शहरात घ्यावी लागली. ज्या स्वायत्ततेसाठी त्यांनी दोन दशके दरबार झिजवले, ती हातची गेली. तांब्याच्या गोलात हवेला शिरू न देणाऱ्या या माणसाला आपल्या शहरात फौज शिरणे दुसऱ्यांदा पाहावे लागले, फक्त या वेळी ती वेशीतून, करारनामा घेऊन आली.

आपल्या प्रयोगांचा ग्रंथ त्यांनी १६६३ मध्ये लिहून पूर्ण केला होता, पण तो आम्स्टरडॅम येथे छापून बाहेर पडला १६७२ मध्ये. तोवर बॉइल यांचे नाव युरोपभर झाले होते. सुदैवाने बॉइल यांनी मूळ कल्पनेचे श्रेय गेरिके यांना मोकळेपणाने दिले होते, त्यामुळे पुढे मानपानाचा वाद माजला नाही. १६८१ मध्ये प्लेगची साथ जवळ आल्यावर वृद्ध गेरिके माग्डेबुर्ग सोडून हाम्बुर्ग येथे मुलाकडे राहावयास गेले. तेथेच २१ मे १६८६ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शहर जळाले त्या दिवसाला तेव्हा पंचावन्न वर्षे आणि एक दिवस झाला होता. माग्डेबुर्गच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे, आणि त्यांचा पंप व तांब्याचे ते दोन अर्धगोल म्युनिक येथील जर्मन संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत.